कानांसह मान्य

नातीचं पत्र येऊन चार महिने झाले तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. पत्र हरवलं नव्हतं. टेबलावरच्या जाड शब्दकोशात ते नीट ठेवलेलं होतं. उत्तर द्यायची राहिलेली सगळी पत्रं मी तिथेच ठेवतो, आणि त्या शब्दकोशाचं पुठ्ठ्याचं कव्हर आता पोट सुटल्यासारखं वर आलं आहे.

मी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याने लिहिलेल्यातली चूक मला दाराबाहेरून दिसते. स्वतः दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की घाम फुटतो. फोनवर तर माझी भंबेरी उडते. म्हणून नात, एकोणीस वर्षांची असूनही, मला कागदावर लिहिते. तिने लिहिलं होतं :

"आबा, रागावू नका, पण आरशात बघितलं की मला तुम्ही दिसता. म्हणजे कान. कॉलेजात म्हणतात, वारा सुटला की हिला कुणीतरी धरा. डॉक्टर म्हणतात, कान मागे बसवता येतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आई म्हणते, करून टाक. प्रार्थनागृहात सांगतात, देवाने दिलेलं रूप स्वीकारा. मला दोघांचंही पटतं, म्हणून पंचाईत. तुम्ही एकाहत्तर वर्षं हेच कान घेऊन फिरताय. तुम्हाला ते मनापासून मान्य आहेत का? तुम्ही हो म्हणालात तर मी अशीच राहीन. तुमचं पत्र येईपर्यंत डॉक्टरांकडून तारीख घेत नाही. खरं लिहा, आबा. छान लिहू नका."

ते शेवटचं वाक्य नसतं तर मी त्याच संध्याकाळी उत्तर टाकलं असतं.

कानांविषयी थोडं सांगणं भाग आहे. माझे कान सुपासारखे आहेत. ते डोक्याला काटकोनात उभे आहेत आणि उन्हात पाठीमागून गुलाबी दिसतात. शाळेत मला 'सुप्या' म्हणत. लहानपणी मी रोज प्रार्थना करायचो की उद्या सकाळी हे लहान झालेले असू देत. झाले नाहीत. देवाने मला एवढे मोठे कान देताना स्वतःला बेताचेच ठेवले असावेत, असा निष्कर्ष मी वयाच्या नवव्या वर्षी काढला होता. तरी प्रार्थना सोडली नाही. आणखी एक निरीक्षण नोंदवून ठेवतो, कारण ते पुढे उपयोगी पडेल : माझ्या कानांबद्दल बोलणं निघालं, की समोरच्याचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे जातो. आपला जागेवर आहे ना, हे तो चाचपून बघतो. एकाहत्तर वर्षांत याला अपवाद सापडलेला नाही.

'हो' लिहावं तर ते खोटं. 'नाही' लिहावं तर पोर ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपणार आणि सुरी माझ्या नावावर. मी सतरा मसुदे केले. बायको रोज चहा ठेवताना विचारायची, "झालं का हो?"

"चाललंय."

"एवढ्या वेळात तिचे कान आपोआप वळले असते," ती म्हणायची.

अशात आमच्या प्रार्थनागृहाने 'रूपस्वीकार मोहीम' जाहीर केली. फलकावर परिपत्रक लागलं : 'भाविकांमध्ये स्वतःच्या देवदत्त रूपाविषयी वाढती नाराजी पाहता, व्यवस्थापन समितीने रूपस्वीकृती प्रमाणपत्र देण्याचे ठरविले आहे. सदर प्रमाणपत्र पुढील महिन्यापासून प्रवेशाच्या वेळी दाखविणे अनिवार्य राहील.'

लोक कुरकुरले. मी मात्र मनातून हरखलो. मला वाटलं, समितीने रीतसर चौकशी करून माझे कान मला मान्य असल्याचं प्रमाणित केलं, तर प्रश्नच मिटला. त्याची प्रत जोडायची आणि नातीला कळवायचं : सोबत पाहा. चाळीस वर्षं छापील कागदावर विश्वास ठेवलेल्या माणसाच्या हातून याहून वेगळी चूक होणं शक्य नव्हतं.

अर्ज खिडकी क्रमांक तीनवर मिळत होता. आठ पानी होता. पहिल्या भागात 'अमान्य वाटणाऱ्या अवयवाचे वर्णन (मोजमापासह)'. दुसऱ्या भागात 'अवयव केव्हापासून अमान्य आहे'. तिसऱ्यात दोन साक्षीदार, जे नातेवाईक नसावेत आणि ज्यांनी अर्जदाराचे रूप किमान पाच वर्षे जवळून पाहिलेले असावे. शेजारच्यांनी न वाचता सही केली. दुसरी सही आमच्या सलूनवाल्याची. त्याने अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं, 'कान सांभाळून कापायला दहा मिनिटे जास्त लागतात. आमची तक्रार नाही.' लिहिता लिहिता त्याने डाव्या हाताने स्वतःचा कान चोळला.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला. "आजोबा, इथे 'रूप मान्य आहे' याच्यापुढे तुम्ही 'बहुधा' का लिहिलंय?"

"खात्री नाही म्हणून."

"बहुधा चालत नाही."

"मग 'प्रयत्न चालू आहे' असं लिहू?"

"हे बघा, पूर्ण मान्य आणि अमान्य, एवढेच दोन रकाने आहेत. श्रद्धेच्या कामात बहुधाला जागा ठेवलेली नाही."

"पण श्रद्धा असलेल्या माणसालाही शंका..."

"शंका असेल तर खिडकी पाच," बाई म्हणाल्या आणि मागच्या माणसाकडे बघू लागल्या. तोवर त्यांचा हात कानातल्या कुड्यांवरून दोनदा फिरला होता.

खिडकी पाचवर शंकितांसाठी स्वीकृतीवर्गाची नोंदणी होत होती. तीन आठवडे, रोज दहा मिनिटं आरशासमोर उभं राहायचं आणि हजेरीपटावर सही करायची. आरसे कमी आणि शंकित जास्त, त्यामुळे एका आरशात चौघं. माझ्या आरशात एक बुटके पोस्टमास्तर, एक टक्कल पडलेले दंतवैद्य आणि चेहऱ्यावर जन्मखूण असलेल्या एक शिंपीणबाई. कानांमुळे मी एकटाच दोघांची जागा अडवतो, अशी दंतवैद्यांनी लेखी तक्रार केली.

शिकवणारी मुलगी दिसायला विलक्षण देखणी होती. समितीने तिला तेवढ्याचसाठी नेमलं होतं. कुरूप माणसाने रूप स्वीकारायला सांगितलं तर लोकांना वाटतं त्याच्यापुढे पर्याय नव्हता. "अवयवाकडे प्रेमाने बघा," ती मधाळ आवाजात सांगायची, "त्याला म्हणा, तू माझा आहेस." एवढं सांगून ती मधल्या आरशात स्वतःची बट नीट करायची.

"हा माझा आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे, ताई," मी एकदा धीर करून म्हणालो. "तक्रार तीच आहे."

ती हसली नाही. तिने माझ्या नावापुढे 'प्रगती मंद' असं लिहिलं.

शिंपीणबाई मात्र खुदकन हसल्या. "माझ्या गालावरचा डाग," त्या आरशातूनच मला म्हणाल्या, "दुकानात असताना दिवसभर माझ्या लक्षातही नसतो. इथे आल्यापासून रोज वाढतोय बघा."

एकविसाव्या दिवशी सर्वांना उत्तीर्ण करण्यात आलं, कारण बाविसाव्या दिवशी आरसे परत करायचे होते.

आता उरला फोटो. तो समितीने नेमलेल्या फोटोवाल्याकडेच काढायचा होता. त्याने मला स्टुलावर बसवलं, खटका दाबला आणि संगणकावर काम सुरू केलं. मी मान लांबवून पाहिलं. पडद्यावर माझे कान हळूहळू मागे चालले होते.

"अहो, हे काय करताय?"

"साफसफाई," तो म्हणाला.

"पण हा फोटो मला माझं रूप मान्य असल्याच्या प्रमाणपत्रावर लागणार ना?"

"म्हणूनच तर. काका, पहिल्या तुकडीचे फोटो जसेच्या तसे लावले होते. निम्म्या लोकांनी स्वतःचा फोटो बघून प्रमाणपत्र घ्यायलाच नकार दिला. मोहीम बुडायची वेळ आली. तेव्हापासून समितीचा आदेश आहे, ज्याला जे मान्य करायचंय तेवढं काढून टाकायचं. मग मान्य करायला सोपं जातं." त्याने स्वतःच्या कानाची पाळी ओढली. "हनुवटी पण थोडी देऊ का? सगळ्यांना देतोय."

नको म्हणायचं मला जमत नाही. हनुवटी घेतली.

प्रमाणपत्र घरी आलं. जाड कागद, सोनेरी किनार : 'प्रमाणित करण्यात येते की, अर्जदारास आपले देवदत्त रूप (कानांसह) विनातक्रार मान्य असून, त्याबाबत तो भविष्यात कोणतीही कुरकुर, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, करणार नाही.' वर एका रुबाबदार गृहस्थाचा फोटो. बायकोने चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला.

"कोण हो हे?"

"मी."

"चेहरा चांगला आहे," ती म्हणाली, "पण कुणाचं ऐकून घेणारा वाटत नाही."

मी हळूच विचारलं, "लग्नाआधी मी तुला बघायला आलो, तेव्हा तुला माझे कान दिसले होते का गं?"

"दिसले होते का? त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं."

"मग हो कसं म्हणालीस?"

"तुम्ही बोलत नव्हता. मला वाटलं, कान एवढे आहेत, निदान माझं ऐकतील तरी." ती उठली. "तिला पत्र लिहा. पोरगी परवा फोनवर विचारत होती, आबा रागावलेत का म्हणून."

मी नातीला पाठवायला प्रमाणपत्र पाकिटात घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं. तिने खरं लिहा म्हटलं होतं. प्रमाणपत्र छान होतं.

पुढच्या सुट्टीच्या सकाळी आम्ही दोघं प्रार्थनेला गेलो. दारवानाने बायकोचं प्रमाणपत्र नुसतं पाहून आत सोडलं. तिने 'अमान्य अवयव' या रकान्यात 'नवऱ्याचा अबोला' लिहिल्यामुळे तिच्या फोटोत काढण्यासारखं काही सापडलं नव्हतं. माझं प्रमाणपत्र त्याने माझ्या चेहऱ्याशेजारी धरलं.

"हे तुम्ही नाही."

"मीच आहे. कान सोडून."

"कान सोडून मला कुणाला आत सोडता येत नाही, आजोबा. कागदावर जसा माणूस आहे तसा आत जातो."

त्याचीही चूक नव्हती. खिडकी तीनच्या बाईंनी फोटो बदलण्याचा अर्ज दिला, पण आधीच सावध केलं. "फोटो बदलून मागितलात तर तुम्ही प्रमाणित रूपावर नाराज आहात, असा अर्थ होतो. नाराज असाल तर स्वीकृती रद्द. मग पुन्हा आठ पानं, साक्षीदार, आरसा."

"आणि फोटो?"

"तोच फोटोवाला."

"मग मी करू तरी काय?"

बाईंनी आवाज खाली आणला. "समितीच्या यादीत एक डॉक्टर आहेत. कान मागे बसवून देतात. रूप मान्य असल्याचं प्रमाणपत्र दाखवलं की त्यांच्याकडे आधी नंबर लागतो."

मी खिडकीचे गज धरले. बाईंच्या बोलण्यात एकही चूक नव्हती, आणि मी चुका शोधण्यातच जन्म घालवला आहे.

माझ्यात बंड करायची हिंमत असती तर मी त्याच दिवशी ते प्रमाणपत्र फाडलं असतं. मी औषधाच्या दुकानात गेलो आणि जखमेवर लावायची चिकटपट्टी आणली. पुढच्या सुट्टीला दोन्ही कान मागे दाबून पट्टीने चिकटवले आणि वर केस ओढले. आरशात पाहिलं तर प्रमाणपत्रावरचा माणूस, फक्त थोडा घाबरलेला. बायकोने नुसतं बघितलं आणि पदराने तोंड झाकलं.

दारवानाने फोटो धरला, मान हलवली, "या."

आत शांतता होती. म्हणजे मला शांतता वाटली. पट्टीमुळे नीट ऐकूच येत नव्हतं. प्रवचनकार व्यासपीठावरून हातवारे करत होते. मागच्या पडद्यावर शब्द उमटले, त्यावरून कळलं की विषय 'जसे घडविले तसे' हा आहे. मी इकडे तिकडे पाहिलं. समोरच्या रांगेत दंतवैद्य केसांचा टोप घालून ताठ बसले होते. टोपाला घाम सुटला होता. पोस्टमास्तरांच्या बुटांच्या टाचा चार बोटं वाढल्या होत्या आणि त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. एक जाडजूड कंत्राटदार पोट आत ओढून बसले होते, चेहरा जांभळा. शिंपीणबाईंच्या गालावर रंगाचा असा थर होता की त्यांना हसता आलं नसतं. सगळे आपापल्या फोटोसारखे दिसण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होते, आणि प्रवचनकार सांगत होते की जसे आहात तसे असा. अख्ख्या सभागृहात श्वास सोडायची सोय नव्हती.

मी डोळे मिटले आणि बऱ्याच वर्षांनी मनापासून प्रार्थना केली. कान लहान कर, असं मागितलं नाही. पट्टी टिकू दे, एवढंच मागितलं.

पट्टी सुटली. डावा कान सुटून असा ताडकन उभा राहिला, की मागच्या रांगेतल्या मुलाने टाळी वाजवली.

डावीकडे बायको बसली होती. आणि सगळ्यात आधी त्या मोकळ्या कानात काय शिरलं असेल, तर तिचं हसू. दबलेलं नाही, खळखळून. कित्येक वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. ती आता पूर्वीसारखी हसत नाही असं मला वाटायचं. बहुतेक मीच आरशाकडे तोंड करून असायचो. ती डोळे पुसत म्हणाली, "आले बाई एकदाचे."

तिच्या हसण्याचा धक्का लागून कंत्राटदारांनी पोट सोडलं. त्यांच्या सुस्काऱ्याने पुढच्या ओळीतला टोप सरकला. शिंपीणबाई हसल्या आणि गालावरच्या थराला तडा जाऊन त्यातून त्यांचा डाग दिसला. प्रवचनकार गोंधळून थांबले. दारवान पायाचा आवाज न करता आला आणि माझ्या कानाशी वाकला.

"आजोबा, कान आत घ्या, नाहीतर बाहेर चला."

मी उजवी पट्टीही काढली आणि बाहेर गेलो. बायको हसत हसत मागोमाग आली. उजव्या कानाला प्रवचनाचा शेवट ऐकू आला, पण त्यात नवीन काही नव्हतं.

चौथ्या दिवशी समितीचा मेमो आला. 'आपण दिनांक रोजी प्रार्थनेच्या वेळी प्रमाणित रूपात परवानगीशिवाय बदल करून आपले मूळ रूप धारण केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर रूप आपलेच असल्याबाबत समितीची खात्री झाली असून, ही बाब गंभीर आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा.'

हा मेमो मी तीनदा वाचला. दिनांकाची जागा रिकामी राहिली होती, एवढी एक चूक सोडली तर मजकूर निर्दोष होता. माझ्याविषयी कुठल्याही कार्यालयाने काढलेला हा पहिलाच खरा कागद.

खुलासा मी दिला नाही. नातीला पत्र लिहिलं. मसुदा केला नाही, त्यामुळे खाडाखोड आहे :

"तुला उत्तर द्यायला चार महिने लावले, कारण मी एका कागदाची वाट बघत होतो. तू विचारलंस, कान मान्य आहेत का. नाहीत. रोज दाढी करताना आमची कुरबुर होते, उद्याही होईल. पण गेल्या सुट्टीला डावा कान भर सभेत सुटला, तेव्हा तुझी आजी हसली आणि ते मला पूर्ण ऐकू आलं. तेवढा वेळ तो कान कसा दिसतोय हे मी विसरलो होतो. असे विसरण्याचे प्रसंग मला एकाहत्तर वर्षांत फार थोडे आले. तुला जास्त यावेत, एवढी माझी प्रार्थना आहे. आजपासून तेवढंच मागतो. तू डॉक्टरकडे गेलीस तरी देव तिथे असेल, नाही गेलीस तरी असेल. खिडकी तीनवर मात्र मला तो दिसला नाही. माझ्या हो-नाहीसाठी थांबू नकोस. माझ्याकडे 'बहुधा' आहे, आणि त्याला कुठे रकाना नाही. तू काहीही केलंस तरी मला आरशात तू दिसशीलच. राग नाही. सोबत मेमोची प्रत जोडली आहे. हे कान माझेच आहेत, याला आता समितीचाही दुजोरा आहे. - आबा."

बायकोने पत्र वाचलं. "छान नाहीये," ती म्हणाली. "टाका."

कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत मी एकटा गेलो. शेजारच्या दुकानाच्या काचेत मला मी दिसलो आणि सवयीने केस कानांवर ओढायला हात वर गेला. काही सवयी एका आठवड्यात जात नाहीत. हातात पाकीट होतं म्हणून हात तिथेच थांबला. मग मी ते पेटीत सोडलं. तळाला पडल्याचा आवाज मला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू आला.

आणि हो, तुमचा कान आहे जागेवर. आता हात खाली घेतलात तरी चालेल.